दुधीचं उरलेलं रोप

प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

तू पाठवलेल्या दुधीच्या बारा रोपांपैकी अकरा गेली. "रोगबिग काही नाही, उपटून उपटून मारलीत," असं आज खुद्द इथल्या बागेच्या माळीकाकांनीच सांगितलं.

आमच्या हौशी बागमंडळाचा नियम असा, की जे शिकायचं ते प्रत्येकानं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मुळं कशी वाढतात हे बघायला शनिवारच्या गटानं मंडळाच्या वाफ्यात मी लावलेली ही रोपं उपटली आणि परत लावली. मंगळवारच्या गटानंही तेच केलं. मी चिडलो, तर अध्यक्षबाई म्हणतात, "अहो, शिकताना एवढं तेवढं व्हायचंच!" यांचं शिकणं होतं, जीव माझा जातो.

तू वर्षानुवर्षं राखलेलं ते बी डब्यात अजून आहे ना? की सगळ्याची रोपं करून मलाच दिलीस? खरं सांग. मी वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

रविवारी दोन्ही गट एकत्र येणार आहेत आणि फळ्यावर विषय पुन्हा मुळांचाच लिहिलाय. उरलेल्या रोपाशेजारी मी सकाळपासून खुर्ची टाकून बसणार आहे. कुणी हात लावला, तर मंडळात एक सभासद कमी होईल.

तुझा,
धाकटा