वळवलेली वाट

जुन्नर,
मंगळवार, जानेवारी २००७

प्रिय वृषाली,

तुझ्या ऑफिसात दोनदा फोन केला. दोन्ही वेळा एका मुलीनं "मॅडम मीटिंगमध्ये आहेत, कोण बोलतंय?" म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं, शाळेतली मैत्रीण म्हणून सांगितलं, जुन्नरहून बोलतेय म्हणूनही सांगितलं. ती म्हणाली, निरोप देते. तो तुझ्यापर्यंत पोचलाच नाही, असं मी धरून चालले आहे. दुसरं काही धरलं तर हे पत्र लिहून होणार नाही. अरफातच्या हाती पाठवते आहे. माझा धाकटा भाऊ, मानमोडीच्या लेण्यांना जाताना आपल्या मागे लागायचा आणि अर्ध्या वाटेत कडेवर घ्या म्हणून बसायचा, तो. आता त्याचा स्वतःचा टेंपो आहे, भाजी घेऊन पुण्याला येतो.

रागावून लिहिते आहे, हे आधीच सांगते. तुमच्या पदभ्रमण मार्गाचा छापील नकाशा गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत आला. सोबत सूचना, की शनिवारच्या उद्घाटनाला चौथीची मुलं फुलं घेऊन उभी करावीत. मुख्याध्यापकांनी काम माझ्याकडे दिलं, कारण चौथी माझ्याकडे आहे. नकाशा देखणा आहे, खोटं कशाला बोलू. किल्ला, नदी, लेणी, सगळं नाजूक हातानं काढलंय, आणि खाली कोपऱ्यात तुझं नाव. मी तो टेबलावर पसरला आणि निळ्या बाणांवरून बोट फिरवत गेले. स्टँड, मोठा रस्ता, बाजारपेठ, पुन्हा मोठा रस्ता, पेट्रोल पंपाचं वळण, मग नदी आणि मग शेतांतून लेण्यांकडे. आमची कागदी गल्ली कुठेच नाही. म्हणजे गल्लीची रेघ आहे, नाव नाही, बाण नाही. बारव नाही. मशिदीची ती चुन्याची मागची भिंत नाही, जिला उन्हाळ्यात आपण पाठ लावून उभ्या राहायचो.

तरी मी मुलांना घेऊन तो मार्ग चालून बघितला. म्हटलं, उगाच घरी बसून चिडण्यात अर्थ नाही. वृषाली, तू तो स्वतः चाललीस का गं? कांद्याचे ट्रक अंगावरून जातात. सावली म्हणून नाही. गाव बघायला आलेल्या माणसाला हार्डवेअरच्या दुकानांची शटरं आणि गॅरेजं बघत जावं लागतं. एक मुलगी मोटारसायकल चुकवताना खडीत पडली, तिचा गुडघा मी ओढणीनं पुसला. आणि नदीपर्यंत पोचायला आपल्या गल्लीतून लागायचा त्याच्या दुप्पट वेळ लागला. गल्लीतून गेलं असतं तर कागद करायचे जुने हौद दिसले असते, आमच्या पणजोबांनी लगदा भिजवलेले. बारवेत उतरून मुलांनी हातपाय धुतले असते. मागच्या दिंडी-दरवाजातून बाहेर पडलं की सरळ नदी. मग पलीकडे द्राक्षाच्या बागांच्या कडेनं चढण लागायची, आणि लेण्यांत शिरल्यावर तू त्या कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवायचीस, वाचता येत असल्यासारखी. तेव्हाच मला वाटलं होतं की तू असलंच काहीतरी काम करणार.

नोव्हेंबरच्या सभेचंही बोलूनच टाकते. तुम्ही जीपमधून आलात, हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या होत्या, मी मागे उभी होते. तू ओळखलंस. "अगं सायरा, कशी आहेस?" म्हणालीस आणि पर्समधून कार्ड काढून दिलंस. तुझं कार्ड घेऊन मी काय करायचं होतं, मला कळलं नाही. प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा मी विचारलं, की मार्ग कागदी गल्लीतून का नाही. तुझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तिकडे सुरक्षिततेचा थोडा प्रश्न येतो." मी तुझ्याकडे बघत होते. तू कागद चाळत होतीस. ज्या गल्लीत माझ्या अम्मीनं तुला ताटात जेवायला वाढलं, त्या गल्लीचा सुरक्षिततेचा प्रश्न. मी घरी आले आणि भांडी आपटत राहिले. अम्मीनं विचारलं तेव्हा खोटंच सांगितलं, की वृषालीनं तुमची चौकशी केली.

पण खरी गोष्ट मला त्या दिवशी मुलांबरोबर चालताना कळली. पेट्रोल पंपाच्या वळणावर पोचले आणि पाय थांबलेच. हा रस्ता माझ्या ओळखीचा होता. आपण दहावीत होतो. त्या जानेवारीत मुंबईच्या दंगलीच्या बातम्या येत होत्या, लोक रेडिओला कान लावून बसायचे. आपल्या गल्लीत तर एक काचसुद्धा फुटली नाही. तरी एका सकाळी तू आलीच नाहीस. मी दप्तर घेऊन दारात थांबले, मग धावत शाळेत गेले तर तू आधीच बाकावर. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी एकदा मुद्दाम मोठ्या रस्त्याला जाऊन उभी राहिले, आणि तू त्या वळणावरून येताना दिसलीस, खाली मान घालून, सगळ्या गावाला वळसा घालून. तू मला काही सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. परीक्षा झाली, तू पुण्याला गेलीस. आणि चौदा वर्षांनी तोच वळसा तू निळ्या बाणांनी छापून आणलास. तुला ते कळलं तरी का? मला वाटतं, नसेल कळलं. हात आपोआप तिकडे वळला असेल. त्याचाच मला जास्त त्रास होतो.

आता तुझ्या वडिलांचं सांगते, कारण ते तू विचारलं नाहीस आणि त्यांनीही तुला सांगितलेलं नाही. तुझी आई गेल्यावर काका बियाणांचं दुकान बंद करून रोज संध्याकाळी नदीपलीकडे फिरायला जायचे. मग उसात बिबटे यायला लागले, एकदा तर मळ्यातल्या वस्तीवरून वासरू नेलं, तेव्हापासून त्यांनी गावाबाहेर जाणं सोडलं. मोठ्या रस्त्यावर गाड्यांची भीती. तेव्हा एका संध्याकाळी काठी टेकत ते आमच्या गल्लीत आले. आमच्या दारापाशी थांबले, पाणी मागितलं. अम्मीनं चहा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. चार वर्षं होतील आता. गल्लीच्या तोंडापासून बारवेपर्यंत जायचं, कठड्यावर टेकायचं, परत येताना आमच्या ओट्यावर चहा. अम्मीशी बी-बियाणांच्या गप्पा, जशी काही तिची पिंपरी पेंढारला शेती आहे. ईदला शीरखुर्मा पहिला त्यांना जातो. अरफातच्या लग्नात फेटा बांधून सगळ्यांच्या पुढे होते. मी कितीदा म्हटलं, काका, वृषालीला सांगा ना. ते म्हणायचे, "सांगू की निवांत." तुझ्या फोनला ते फक्त "मी मजेत हाये" एवढंच म्हणतात, हे मला माहीत आहे. माझ्यासमोरच कितीदा बोललेत.

मुलांना चालवून आणलं त्याच संध्याकाळी मी तो नकाशा त्यांच्यापुढे ठेवला. रागानंच ठेवला, म्हटलं बघा तुमच्या लेकीचं काम. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बोट फिरवत राहिले. पंपाच्या वळणावर बोट थांबलं. म्हणाले, "ही माझी वाट हाय, सायरा. तिची न्हाई. मीच वळवलं व्हतं पोरीला." चहा तसाच राहिला. जाताना अम्मीसमोर उभे राहिले, हात जोडावेत असं त्यांच्या मनात होतं बहुतेक, पण काठी होती हातात. अम्मी म्हणाली, "जावा भाऊ, अंधार पडतोय."

आता गल्लीची दशा ऐक. तुमच्या मार्गावर फरशी बसवायची म्हणून ठेकेदारानं गटारीचं काम सगळीकडे एकदम काढलं. आमच्याकडे गल्लीच्या तोंडाशी चर खणला आणि माणसं मोठ्या रस्त्यावर नेली, कारण शनिवारच्या आत बाणांचा रस्ता पुरा करायचाय. मी विचारायला गेले. मुकादम म्हणाला, "ताई, तुमची गल्ली नकाशात न्हाई ना. मार्ग झाला की येतो." मी म्हटलं, निदान फळ्या तरी टाका. टाकतो म्हणाला. पुन्हा गेले, पुन्हा टाकतो म्हणाला. शेवटी अरफातनं दोन फळ्या आणून टाकल्या, त्यातली एक कुणीतरी उचलून नेली.

आणि काका त्या चरात पडले. शुक्रवारी संध्याकाळी. नडगीचं हाड मोडलंय. गल्लीतल्या पोरांनी उचललं, अरफातनं टेंपोतून दवाखान्यात नेलं. तात्पुरतं प्लास्टर घालून घरी आणलंय, पण डॉक्टर म्हणतात हाड सरकलंय, रॉड घालावा लागेल, साखर वाढलेली आहे म्हणून पुण्यालाच न्या आणि उशीर करू नका. काका ऐकत नाहीत. म्हणतात, शनिवार होऊ दे, पोरीच्या कामात खोडा नको, ती पाहुण्यांना सोडून माझ्यामागं पळंल. मला शपथ घातली तुला कळवायचं नाही म्हणून. मी इतके दिवस ती पाळली, ते फोनही मी नुसता "बोलायचंय" एवढाच निरोप ठेवून केले. आज सकाळी डबा घेऊन गेले तर पायाची बोटं काळपट दिसली, आणि त्यांना ताप आहे. रात्री अरफात त्यांच्याजवळ झोपतो. काल त्याला झोपेत म्हणाले, "वृषालीला गल्लीतनं आण." शपथ मोडते आहे. हे पत्र वाचशील तेव्हा अरफात तुझ्या ऑफिसच्या खाली टेंपो घेऊन उभा असेल. फाटक्या सीटवर बसून यायला लाजू नकोस. डॉक्टरशी बोल, पुण्यात खाट सांगून ठेव आणि आजच त्यांना न्यायला ये. नकाशावरून मी तुझ्याशी भांडणार आहे, ते सोडणार नाही, पण ते त्यांच्या पायावर उपचार झाल्यावर. तुझ्या आईच्या जागी इथं कुणी नाही, आणि मी एकटी त्यांना समजावून थकले गं.

अजूनही रागावलेली, तरी तुझीच,
सायराबानू