धडधाकट माणसाचं रक्त

ती. शैलाताईस,

बेहालाहून गुरुदत्तचा वाकून नमस्कार. तुझी आणि भावोजींची तब्येत चांगली असेल. माझीही चांगली आहे, असं मी अगदी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो, आणि तिथेच घोटाळा झाला.

आमची लेक यामिनी प्रयोगशाळेत लागली हे तुला ठाऊक आहे. शरीरात आतल्या आत दाह सुरू झाला की रक्तात काही खुणा वाढतात. त्यांवरून रोग लवकर ओळखता येईल का, हे त्यांचं संशोधन. संधिवाताच्या रोग्यांचं रक्त त्यांच्याकडे असतंच, पण तुलनेला धडधाकट माणसंही लागतात. शोभानं मला पुढे केलं. (बायको आपल्याला धडधाकट म्हणते तेव्हा सावध व्हावं.) मी ऐटीत दंड पुढे केला, वर मिळालेलं बिस्किट खाल्लं, आणि आपण विज्ञानाला मदत केली असं बँकेत सांगत सुटलो.

मग तिथल्या डॉक्टर सेनगुप्ताबाईंचा फोन. "दादा, डरने की बात नहीं, बस एक बार आ जाइए." (भिण्यासारखं नसेल तर फोन कशाला करतात?) माझ्या रक्तातली ती खूण भलतीच वाढली होती. ताई, तेव्हापासून मी पुरता धास्तावलो. जेवताना शोभाकडे पाहून वाटे, हिला लॉकरची किल्ली कुठे असते तेसुद्धा माहीत नाही. यामिनी काही बोलेना, ते तर सगळ्यात भयंकर. (नियमाप्रमाणे तिला माझा निकाल दाखवलाच नव्हता, हे नंतर कळलं.)

बाईंनी छाती तपासली, पोट दाबलं, सांधे वाकवले, काही सापडेना. शेवटी म्हणाल्या, "मुँह खोलिए." तर खालची अक्कलदाढ किडून हिरडीत पू झालेला. दुखते म्हणून मी वर्षभर दुसऱ्या बाजूनं चावत होतो. दाढ काढा, मग पुन्हा रक्त तपासू, म्हणाल्या. तेव्हा आता काळजी नको. दाढ काढून झाली, घरात सगळे निर्धास्त आहेत.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
गुरुदत्त

ता. क. दाढ काढलेली नाही. बालीगंजच्या दवाखान्यात खुर्चीपर्यंत गेलो, ते यंत्र घरघरलं, आणि मी चपला घालून बाहेर. औषधाच्या दुकानातून कापूस घेतला, गालात धरला आणि घरी आलो. शोभा बिचारी मऊ भात करून वाढते आहे.

आणखी एक. पुढच्या महिन्यात ते पुन्हा रक्त घेणार. मला खोटं बोलता येतं, रक्ताला येत नाही. त्याआधी तू ये, हावड्याला घ्यायला येतो. दाढ काढून होईपर्यंत दवाखान्यात नुसती माझ्याजवळ बस. शोभाला सांगू, दाढ तुझी दुखते आहे.