बस म्हटलं की बसायचं

११ जानेवारी
योरुनला आज तीनदा बर्फात बसवलं. तिन्ही वेळा विनाकारण.

नियम साधा आहे. मी पुढे, पाठीला छोटा ध्वनिक्षेपक बांधलेला. योरुनला दिसत नाही, ती माझ्या आवाजामागे. चढ, उतार, डावं, उजवं — सगळं मी सांगायचं. आणि मी ‘बस’ म्हटलं की तिने काही न विचारता स्कीवरून खाली बसायचं. तिला जागीच थांबवायला दुसरा उपाय नाही.

पहिल्यांदा कुत्रा होता, पण लांब. दुसऱ्यांदा सावली. तिसऱ्यांदा मला नुसतीच भीती वाटली.

पँट झटकत ती म्हणाली, “काय होतं?”
“काही नाही.”
“हे ‘काही नाही’ फार वेळा आडवं येतंय, तारयेई.”

१४ जानेवारी
स्की क्लबच्या फळ्यावर शर्यतीसाठी सोबत्यांच्या जोड्या लागल्या. ओडवारने माझं नाव चुकीचं लिहिलं होतं. तो कॉफी आणायला गेला तेव्हा पुसून नीट लिहिलं. क्लब तोच चालवतो, त्याच्यासमोर बरं दिसलं नसतं.

मार्चच्या शर्यतीत योरुनला लांबचं अंतर करायचं आहे, डोंगरावरून, पूर्ण. एकसष्ट वर्षांची आहे, खांदा दुखतो. पुढच्या वर्षी जमेलच असं नाही, हे तिनेच सांगितलं. सोबती नसला की हिवाळाभर ती स्वयंपाकघरात रेडिओ ऐकत बसते. आणि यंदा माझ्याशिवाय कोणी तयार नाही. दुकानातून मला सुटी मिळते, एवढीच माझी लायकी.

२० जानेवारी
कडाक्याची थंडी. कोणी बाहेर पडलं नाही. दोघांच्या स्कींना मेण लावलं, पुसलं, पुन्हा लावलं.

२ फेब्रुवारी
शाळेच्या उतारावर एक मूल मध्येच वळल्यासारखं वाटलं. ओरडलो. योरुन बसली. मूल वळलंच नव्हतं. पोरं हसली.

योरुन उठली, माझ्या आवाजामागे झाडांपर्यंत आली, मग बोलली. “या पोरांच्या आयांना मी याच उतारावर स्की शिकवलं. तेव्हा मला दिसत होतं. आज पोरांनी बघितलं काय, तर पोतं.”
“मला वाटलं —”
“तुला वाटतं. वाटतं ते तू घरी ने. आणखी एकदा उगाच बसवलंस तर ओडवारला दुसरा माणूस बघायला सांगेन.”

दुसरा माणूस नाही, हे तिलाही माहीत आहे. म्हणजे मी नको असेन तर ती शर्यतच सोडेल. एवढी वेळ मी तिच्यावर आणली.

नंतर तिने अर्धं संत्रं सोलून माझ्या हातावर ठेवलं. 

९ फेब्रुवारी
आज एकदाही ‘बस’ म्हणालो नाही. कितीदा तरी शब्द ओठांवर आला आणि गिळला. मोठ्या उतारावर ती मागे काहीतरी गुणगुणत होती. मी वळून पाहिलं, तिचं तोंड उघडं, गालांवर बर्फ.

“आज बरा होतास,” म्हणाली. “तुझ्या बडबडीत उतार ऐकूच यायचा नाही मला.”

जेवण गेलं नाही. आनंदाने असेल.

१७ फेब्रुवारी
लिहायला हवं.

काल मी एकटा जाऊन सगळी वाट पाहून आलो होतो, नेहमीसारखा. वाट मोकळी होती. पण रात्री ओला बर्फ पडला. पुलाआधीच्या वळणावर एक बर्चचा वृक्ष बर्फाच्या ओझ्याने वाकून वाटेवर आडवा आला होता, छातीच्या उंचीला. मी बाजूला उडी मारली आणि ओरडलो. ओरडलो खरा — पण त्याआधी मनात आलं, खरंच एवढा खाली आहे ना? की मलाच वाटतंय? तेवढा क्षण गेला.

ती उभीच आली.

आवाज लिहीत नाही.

२१ फेब्रुवारी
तिच्या खांद्याचा चुरा झाला आहे. हात वर जाणार नाही, स्कीची काठी धरता येणार नाही. यंदा नाही आणि पुढेही नाही.

ओडवार म्हणाला, “असं होतं रे. डोंगर आहे तो.” मी माझ्याकडची क्लबची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने ती परत माझ्या खिशात टाकली. मी बाहेर जाऊन दाराच्या फटीतून आत सरकवली.

इस्पितळात गेलो नाही.

२५ फेब्रुवारी
त्या वळणावर जाऊन उभा राहिलो. बर्च कापून बाजूला टाकला आहे. ‘बस’ म्हणून बघितलं, किती वेळ लागतो ते. काहीच वेळ लागत नाही.

३ मार्च
योरुन घरी आली आहे, असं दुकानात कुणीतरी सांगितलं. तिच्या गल्लीपर्यंत गेलो आणि परत आलो.

७ मार्च
गेलो. तिने डाव्या हाताने कॉफी ओतली, मला ओतू दिली नाही. मी म्हणालो, “मला उशीर झाला. मी उशिरा ओरडलो.”

“उशिरा नव्हतास,” ती म्हणाली. “मला नीट ऐकू आलं. बसायला वेळ होता. मला वाटलं, पुन्हा घाबरला हा. म्हणून नाही बसले.”

 मग तिने विचारलं, बाहेर बर्फ कसा आहे.

“ओला,” मी म्हणालो. “स्की करण्यासारखा नाही.”

बर्फ उत्तम होता, कोरडा; ओला बर्फ करकरत नाही. अंगणात माझ्या बुटांखाली करकरताना तिने ऐकलाच असणार.