एकादशीला परत गेलेलं कवर

मंडी मोहल्ला, म्हैसूर
१२ जून २०२४

चि. वेणीस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

इथे सगळं क्षेम. गुडघा कुरकुरतो, पण शिलाईमशीन अजून पायानेच चालवतो. परवा आपलं चौथीचं मराठी पुस्तक सापडलं. झऱ्याची कविता म्हणून पाहिली आणि तिसऱ्या कडव्याशी अडलो, नेहमीसारखा. बाबा म्हणवून घ्यायचे तेव्हा तू दाराआडून ओळ पुरवायचीस.

असो. आपल्या चुलतभावाने, गणपतरावाने, बाबांचं दुकान त्याचं एकट्याचं असा दावा लावला होता. निकाल त्याच्या बाजूने लागला. आपण हजर नव्हतो.

कार्तिकात पोस्टमन कोर्टाचं कवर घेऊन आला, त्या दिवशी एकादशी होती. बाबांचा नेम तुला ठाऊक आहे: एकादशीला कात्रीला हात नाही, कागदावर सही नाही. मी म्हटलं, "आज नाही हो, न्या परत." घेतलंच नाही तर लागू कसं होईल, असं धरून सुम्ने, नुसताच, बसून राहिलो.

आता वकीलबाई कीर्तना म्हणते, "अज्जा, कवर परत गेलं म्हणून केस परत जात नाही. नाकारलं की मिळालं, असंच कोर्ट धरतं."

गणपतराव चौकात सांगतो, म्हातारा कात्री टाकून पळाला. पळतोय कुठला? साठ वर्षं याच उंबऱ्याआत बसलोय. निकाल फिरवायचा अर्ज घालणार आहे.

एक कवर म्हटलं मी. दोन होती, वेणी. दुसऱ्यावर तुझं नाव होतं. तू चाळीस वर्षं हुबळीत, तरी गणपतरावाने पत्ता दुकानाचा दिला, आणि मी तुझंही परत धाडलं. तुला कळवलंसुद्धा नाही. लाज वाटली.

कीर्तना म्हणते, तुझा अर्ज माझ्याहून भक्कम आहे, कारण तुला खरंच काही ठाऊक नव्हतं. मी भीतभीत विचारलं, "पोस्टमन आलाच नाही, असं लिहिलं तर?" ती म्हणाली, "मग दुसरा वकील बघा." बरं केलं तिने. मी शपथेवर लिहून देतोय की बहिणीचं कवर मीच नाकारलं.

तू सोमवारी ये. जज्जांपुढे मी अडखळलो तर या वेळी ओळ पुरवू नकोस. मला पाठीशी न घालता जे घडलं ते सांग. दुकानात अर्धा वाटा तुझा आहे, तो माझ्या अडाणीपणापायी जाऊ देणार नाही.

अर्ज मंगळवारी घालायचा आहे. पंचांग पाहिलं. एकादशीच आहे.

त्या दिवशी सही करणारा,
तुझा रंगनाथअण्णा