हेलियमचा व्हॉल्व्ह

नारायणगाव,
२८ ऑगस्ट २०२५

प्रिय दादाभाऊ,

पेठला सुखरूप पोचला असशील. गुडघा कसा आहे? भिमाबाईंना, तुझ्या आईला, माझा नमस्कार सांग.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, रागात पत्र लिहू नये, एक दिवस थांबावं. मी पाच दिवस थांबले. राग आहे तिथेच आहे, म्हणून लिहिते.

शनिवारी इथल्या शाळेत तू मुलांसमोर छान बोललास. प्रोटॉन हेलियमच्या अणूजवळून जाताना त्याचा इलेक्ट्रॉन घेतो आणि जवळजवळ न वळता पुढे निघून जातो, हे तू दोन मुलांना बाकांमधून चालवून दाखवलंस. मला आपली विद्यापीठातली प्रयोगशाळा आठवली. पंपाची घरघर, तुझ्या डब्यातली बाजरीची भाकरी. बरं वाटत होतं.

मग तू म्हणालास, "माझ्या जोडीला एक कॉन्व्हेंटवाली व्हती. लई हुशार, राव! पन हेलियमचा व्हॉल्व्ह उघडा टाकून गेली जेवायला. नळीभर गॅस! तीन आठवड्यांची रीडिंगं पाण्यात!"

सगळं सभागृह हसलं. ती जोडीदार कोण, हे तिथे एकाच मुलीला ठाऊक होतं. माझ्या नातीला. रिद्धी हसली नाही. घरी येऊन म्हणाली, "आजी, चुकलीस म्हणून काढलं होतं तुला? तुला नाही जमलं, तर मला कुठलं जमायला? मी कॉमर्सच घेते."

दादाभाऊ, व्हॉल्व्ह तू उघडा ठेवला होतास.

सरांनी विचारलं तेव्हा तू भिंतीकडे बघत होतास. तुझी शिष्यवृत्ती गेली असती आणि तू परत मेंढरांमागे. मी म्हणाले, "माझ्याकडून राहिला." तू मागितलं नव्हतंस, हे खरं. तू नुसता गप्प राहिलास. मला प्रयोगशाळेतून काढलं, लग्न झालं, दुकानाच्या गल्ल्यावर बसले. त्याचा राग नाही. तसं का म्हणाले, ते तुला तेव्हाही कळलं असणार. या वयात लिहीत नाही.

पण शनिवारी मी तिसऱ्या रांगेत होते. ते सांगण्याआधी तू माझ्याकडे पाहिलंस. मी काही बोलणार नाही, याची खात्री करून घेतलीस.

मागे राहिलेल्या अणूवर भार येतो, हे मात्र मुलांना सांगितलं नाहीस.

आम्हा जैनांच्या रीतीप्रमाणे दर संवत्सरीला मी तुला कार्ड पाठवते. जाणते-अजाणतेपणी दुखावलं असेल, तर क्षमा कर. आणि दर वर्षी तुझं उत्तर येतं, "जा, केलं माफ!" चाळीस वर्षं मी ते वाचून हसत आले.

काल संवत्सरी झाली. सगळ्यांना कार्डं गेली, तुला नाही. सोबत एक कोरं पाठवते आहे. तिकीट लावलं आहे. पत्ताही घातला आहे, रिद्धीच्या नावाने. ती शाखा ठरवायच्या आत येऊ दे. मजकूर तुझ्या हातचा हवा.

त्यात जाणते-अजाणतेपणी लिहू नकोस. नुसतं जाणतेपणी लिही.

यंदा क्षमा न मागणारी,
प्यारी