उजव्या पैंजणाचा फासा

अण्णा, काल नातीच्या लग्नासाठी तुम्ही केलेले पैंजण ट्रंकेतून काढले आणि सुनेला म्हटलं, थांब, माझे मी घालते. या वयात काय ही हौस, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण गुणी आहे, बसायला पाट पुढं केला.

माझ्या लग्नाच्या वर्षी संधिवात तुमच्या हातांत पुरता मुरला होता. हुपरीतल्या आपल्या घरात पुढं तुमची चांदीची भट्टी, मागं आईची चूल. सकाळचा चहा तुम्ही दोन्ही तळव्यांत पेला धरून प्यायचात, सदऱ्याची बटणं आई लावायची, मांडी घालता येईना म्हणून कामाला खोक्यावर बसायचात. आई हळहळली की म्हणायचात, "माझी बोटं म्हंजे पावणं झाल्यात. उन्हं वर आल्याबगर उठतच न्हाईत!" मग तीही पदर तोंडाला लावून हसायची. पण कारागिराचे हात गेले, असं गल्लीत लोक बोलू लागले होते, आणि व्यापाऱ्यांनी नाजूक काम देणं थांबवलं होतं. ते तुम्हाला फार लागलं. म्हणून माझ्या पैंजणांना तुम्ही दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाहीत. पंधरा दिवसांचं काम तीन महिने चाललं. एकेक कडी बसली की आईला हाक मारायचात, "बघ की, कोण म्हणतंय हात गेलं?"

आपल्याकडची रीत अशी, की माल ज्यानं केला त्यानंच पैंजण पायात अडकवायचा फासा तीनदा उघडून-लावून बघायचा. तुमच्या बोटांना तो उघडेना. मग तुम्ही घासत गेलात, घासत गेलात, तुम्हाला सहज उघडेपर्यंत. "लोण्यावानी चालतोय," म्हणालात. आम्ही दोघी तुमच्या खुललेल्या चेहऱ्याकडेच बघत राहिलो, फाशाकडे कुणी बघितलंच नाही.

कोल्हापुरात सासरी उजव्या पायानं माप ओलांडलं आणि मागून डावा पाय उचलताच त्यातला पैंजण निसटून तांदळाबरोबर घरंगळत आत गेला. "पोरीआधी चांदीच घरात शिरली की!" सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले, मीही हसले. आठवड्यानं दोन्ही पैंजण शाहूपुरीतल्या एका सोनाराकडं नेले. डावा घट्ट करून झाल्यावर तो विचारतो, "कुठल्या येड्यानं केलंय हे?" असा राग आला म्हणता! उजवा त्याच्या हातातून ओढून घेतला आणि तडक घरी आले. मग तो जन्मभर काळ्या दोऱ्यानं बांधून वापरला.

पुढं तुम्ही बसनं मला भेटायला आलात. आल्या आल्या माझ्या पायांकडं बघून विचारलंत, "फासं बसत्यात न्हवं नीट?" उजव्याचा दोरा लुगड्याच्या काठाखाली झाकत मी म्हटलं, "तुम्ही दिलेत तसेच हाईत दोन्ही." इतके खूश झालात, की दुसरा पेला चहा मागून घेतलात.

आता तुमचा वात माझ्या बोटांत उतरलाय. काल डाव्याशी अर्धा तास झटापट केली, शेवटी सुनेला बोलावलं. तिनंच उजव्याचा दोरा कापून दिला. उजवा मात्र मी दोन बोटांनी उघडला. पहिल्याच झटक्यात, लोण्यावानी! मोठ्यानं हसले आणि मग डोळे पुसत बसले.

हे पत्र कुठं टाकणार? पैंजणांच्या डबीतच ठेवते. अण्णा, त्या दिवशी मी खोटं बोलले. दोन्ही तसेच नव्हते. एकच होता, आणि आज माझ्या हातानं लावता येतो तो तेवढाच.