आधी चढा, मग खटके लावा

ती. भावोजींस,

धाकट्या मेहुणीचा नमस्कार (वाकून, पण कंबर सांभाळून). इकडे आम्ही सगळे मजेत. तिकडे ताईचं पित्त आणि तुमचा गुडघा कसा आहे? हातपाय एकूण शाबूत आहेत ना? (सहज विचारते.) जिन्यातला दिवा तुम्ही बदलणार आहात असं ताई म्हणाली होती. इतके दिवस राहिलाय, अजून थोडा राहू द्या.

माझी नोकरी गेली होती आणि परत आली, हे सांगायला पत्र लिहितेय. माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. घरगुती वस्तूंच्या खोक्यात वापराचं पत्रक असतं, ते मी तपासते. तपासते म्हणजे कागदावर लिहिलंय तेवढंच करून बघते, स्वतःची अक्कल वापरायची नाही. (ही अट मला सोपी जाते, हा तुमचा विनोद तीस वर्षांत जुना झालाय.) तर यंदा आमच्याकडे पत्रकं लिहायला एआय आणलं. भाषा अशी गोड की वाचतच राहावं. पहिलं पत्रक घडीच्या शिडीचं. त्यात चौथं कलम, सर्वांत वरच्या पायरीवर उभे राहा. पाचवं कलम, आता दोन्ही बाजूंचे खटके बसले आहेत याची खात्री करा. म्हणजे खाली येता येता!

मी लेखी तक्रार केली. त्यात रागाच्या भरात लिहिलं, की हे यंत्र आळशी आहे आणि मुद्दाम करतं. तिथे माझं चुकलं. आमचे संगणकवाले साहेब त्या वाक्यावर तुटून पडले. ज्यांना हे तंत्र कळत नाही त्यांनी त्यावर बोलू नये, असा नियमच त्यांनी काढला. आधी वर्ग, मग परीक्षा, आणि पास होईपर्यंत तपासणी बंद. नापास झालं तर नोकरीच बंद. पत्रक सोमवारी छापायला जाणार होतं. नोकरीचं सोडा, पण ते वाचून कोण कुठून पडेल या विचाराने जेवण जाईना.

वर्गाला गेले. आकडे, बाण आणि चौकोन. शेजारची बाई सगळं उतरवून घेत होती, मी तिचं उतरवून घेत होते. परीक्षेत वीसपैकी चार. पण एक गोष्ट डोक्यात शिरली. ते यंत्र एका शब्दामागे कोणता शब्द शोभेल ते बघून लिहितं. त्याने शिडी पाहिलेली नाही, त्याला पाय नाहीत आणि पडायची भीतीही नाही. म्हणजे ते मुद्दाम करत नव्हतं. हे कळल्यावर माझा राग गेला, शिडी मात्र होती तिथेच.

शुक्रवारी निकाल घ्यायला साहेबांकडे गेले आणि म्हटलं, मी नापास, कबूल. जाता जाता एकदा तुम्हीच चढून दाखवा, मी वाचते. साहेब हसत हसत आले. शिडी उघडली, सपाट जमिनीवर ठेवली आणि त्यांचा हात आपोआप खटक्याकडे गेला.

"साहेब, खटके पाचव्या कलमात आहेत. आपण अजून तिसऱ्यात आहोत."

त्यांनी हात मागे घेतला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, शिडी बोटभर सरकली आणि साहेब टुणकन खाली आले. चेहरा पांढराफटक.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, आधी शिकून या."

छपाई थांबली, नियम गेला, माझं टेबल मला परत मिळालं. माझा जीव भांड्यात पडला, भावोजी! तुम्ही जन्मात गॅस पेटवला नाहीत, पण मीठ कमी आहे हे पहिल्या घासाला तुम्हीच सांगता. साहेबांना मी तुमचंच उदाहरण दिलं.

ताईला नमस्कार.

तुमची,
धाकटी मेहुणी

ता. क. आता खरं सांगते. गेल्या महिन्यात तुम्हाला भेट पाठवलेलं लांबट खोकं म्हणजे तीच शिडी, आणि आत नमुन्याचं तेच पत्रक. ते मी चाचणीआधीच पाठवून बसले. सकाळपासून तुमचा फोन लागत नव्हता, म्हणून हातापायांची चौकशी. आत्ता ताईशी बोलणं झालं. खोकं अजून फोडलेलंही नाही, पण "मेहुणीची शिडी काही कामाची नाही" असं तुम्ही सगळ्यांना सांगत फिरताय म्हणे. उदाहरण मागे घेते. स्वयंपाक आला नाही तरी चालेल, निदान घास तरी घ्यायचा! पण तुमच्या आळसाला माझा साष्टांग दंडवत.

ता. ता. क. आतलं पत्रक फाडून टाका, सोबत नवं पाठवलंय. हेही यंत्रानेच लिहिलंय. मी ते वाचत चारदा चढले, चारदा उतरले. आता दिवा बदला, ताईला शिडी धरायला सांगा, आणि मग काय टीका करायची ती खाली उतरून करा.